वरच्या दारचं पाणी

पाटकरी झाल्यावर इगिझीच्या पदरात काय काय पडणार होतं, याचा हिशोब त्यानं इतक्या वेळा मांडला होता की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तो चुकला नसता. कोठारातून मिळणाऱ्या जवाच्या मासिक मापात निम्म्यानं वाढ. नव्या सालाच्या सणाला लोकरीचं जाड पांघरूण, तेही झालरवालं. गळ्यात अडकवायचा दगडी शिक्का. त्याचा ठसा ओल्या मातीवर उमटल्याशिवाय पाटाचं एक दार उघडायचं नाही की मिटायचं नाही. बाऊदेवीच्या अंगणात पंगत बसली की चटईच्या वरच्या टोकाला जागा. आणि खुदाईच्या टोळीवर ओरडत दिवसभर मांडीएवढ्या चिखलात उभं राहण्यापासून कायमची सुटका.

एवढं सगळं मोजून झाल्यावर सगळ्यात शेवटी एक बाब उरायची. ती तो मनातसुद्धा जरा दबक्या आवाजात म्हणायचा. पाण्याची पाळी मागायला लुगालशाला त्याच्या दारात यावं लागलं असतं.

लुगालशा त्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली निनमू इगिझीची, धाकटी अमाबारा लुगालशाची. दोघांनाही देवीच्या चाकरीपोटी कसायला रान मिळालेलं, तेही एकाच चारीवर. पाटातून पाणी चारीत आलं की आधी इगिझीचं दार, मग त्याच बांधाच्या पलीकडे, शेपटाला, लुगालशाचं. म्हणजे पाण्याच्या बाबतीत देवीनं कुणाला वर बसवलंय, ते कुणालाही दिसलं असतं. फक्त पिकाला ते दिसत नव्हतं. वरच्या रानात जव मांडीपर्यंत यायचा, आणि खालच्या रानात कमरेपर्यंत.

बरं, लुगालशा कष्टाळू असता तर इगिझीनं एक वेळ दात-ओठ खाऊन ते सोसलं असतं. पण लुगालशासारखा आळशी माणूस सगळ्या गिरसू गावात शोधून सापडला नसता. पाळीच्या दिवशी दारं धरायला जायचं तर हा दलदलीत जाळं टाकून बसलेला. तण काढायचं तर म्हणे, आज ऊन फार आहे. रिकाम्या वेळात मासे चिरायचे, त्यांना मीठ चोळायचं आणि रांजणात भरायचे, एवढंच काम तो मन लावून करायचा. गावातला प्रत्येक माणूस त्याच्या रांजणाजवळ बसून, त्याचा मासा चघळत, त्याच्याच घड्यात बोरूची नळी घालून जवाची दारू ओढायचा. इगिझीच्या घड्याशी कुणी बसत नसे. तसा तो कुणाला बोलवतही नसे. पण न बोलावता लोक लुगालशाकडे जातातच ना, हा त्याचा मुद्दा होता.

आणि संध्याकाळी बांधापलीकडून हसणं ऐकू यायचं. नवरा-बायको दोघंच असायची. एवढं कशाला हसतात, हे इगिझीला कधीच कळलं नाही. एकदा तर त्यानं बांधाला कान लावून ऐकलं. बदकाबद्दल काहीतरी चाललं होतं. बदकात हसण्यासारखं काय असतं?

म्हाताऱ्या पाटकऱ्याचे, लुम्माचे, डोळे गेले, तेव्हा इगिझीच्या हिशोबाला धार आली. गिरसूतली रीत सगळ्यांना पाठ होती. जुना पाटकरी शिक्का खाली ठेवतो त्या साली देवीचा कारभारी कापणीआधी पाटावरची उभी पिकं बघत फिरतो, आणि ज्याच्या रानात जव सगळ्यात चांगला, त्याच्या गळ्यात तो शिक्का घालतो. ज्याला आपलं पाणी राखता आलं त्याला दुसऱ्याचंही राखता येईल, इतका साधा त्यातला विचार. बाकीची रानं इगिझीनं केव्हाच नजरेनं तोलून बाजूला टाकली होती. उरला होता एकच.

अमाबारा एका दुपारी खारवलेल्या माशांची टोपली घेऊन आली.

"अक्का, हे घे. तुझ्या भाऊजींनी पाठवलेत. म्हणाले, दाजींना दे, त्यांच्या तोंडाला चव येईल."

"माझ्या तोंडाला काय झालंय?" इगिझी आतून म्हणाला.

"काही नाही हो दाजी. चव नसली की माणूस चिडचिड करतो, म्हणून म्हणाले असतील."

निनमूनं हसू दाबायला पदर तोंडाशी नेला. इगिझीला ते दिसलं, आणि त्याच्या मनातल्या यादीत आणखी एक नोंद पडली.

"तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मासे कमी मार आणि दारं धर. पाटकरी व्हायचंय ना त्याला?"

"त्यांना?" अमाबारा खरंच चकित झाली. "अहो, पाटकऱ्याला उजाडायच्या आधी उठावं लागतं! त्यांना उजाडल्यावर उठवायला मला दोनदा पाणी मारावं लागतं. तुम्हीच व्हा की. फक्त एक सांगते दाजी, शिक्का गळ्यात पडला की एकदा तरी हसा. आम्ही सगळे बघायला येऊ."

ती गेली. मासे चांगले होते. इगिझीनं सगळे खाल्ले आणि प्रत्येक घासाला तो जास्तच चिडला. व्हायचं नाही म्हणतो! न मागता मिळणाऱ्या माणसाला मागायची गरज काय?

आता इगिझीनं काय केलं होतं ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्या वाटचं रान कुणी सगळंच्या सगळं पेरत नाही. अर्धं पेरायचं, अर्धं पड टाकायचं, आणि पुढच्या साली उलट. पडीक अर्ध्यात जवासा माजतो. काटेरी, हिरवा, गुरांनाही नकोसा. पण त्याला कुणी हात लावत नाही. का लावत नाही, हे कुणी विचारत नाही. आजे-पणजे लावत नव्हते, म्हणून. इगिझीनं दोन सालांमागे तो जवासा खोदून काढला, जाळला आणि सगळं रान पेरलं. त्या वेळी निनमू बांधावर उभी राहून म्हणाली होती, "धनी, निम्मं तरी ठेवा. रानाला श्वास नको का घ्यायला?"

"बांधापलीकडचा जव बघितलास?"

"बघितला. त्यांचंही निम्मं पडच आहे."

"म्हणूनच. तो निम्म्यात कमरेइतका काढतो ना? मी सगळ्यात काढतो. मग दिसेल कुणाचा ढीग मोठा."

पहिल्या साली ढीग खरंच मोठा झाला. इगिझी तो ढीग बांधाला खेटून, लुगालशाच्या बाजूला रचून आला. लुगालशानं बघितलं आणि म्हणाला, "वा साडूबुवा! एवढं दळणार कोण?" आणि गेला मासे धरायला. मत्सर करायला निघालेल्या माणसाचं याहून मोठं नुकसान कुणी करू शकत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. लुगालशाचं पीक चांगलं येतं म्हणजे म्हातारा लुम्मा त्याला चोरून जास्त पाणी देत असणार, याबद्दल इगिझीच्या मनात शंका नव्हती. माशांची टोपली तिकडेही जातच होती. मग त्यानं स्वतःच न्याय केला. पाळी संपली की आपलं दार लव्हाळ्याच्या चटईनं आणि चिखलानं नीट लिंपून बंद करायचं, म्हणजे पाणी पुढे शेपटाला जातं. इगिझी ते लिंपायचा, पण खालच्या अंगाला घागरीच्या तोंडाएवढी जागा सोडायचा. वरून बघितलं तर दार बंद. खालून लुगालशाच्या पाळीचं निम्मं पाणी वरच्या रानात जिरत राहायचं. लुम्माला दिसत नव्हतं. लुगालशा बघत नव्हता.

"चारीला पाणी जरा कमीच येतं हल्ली," लुगालशा एकदा म्हणाला. "बरंय म्हणा. लवकर आटपतं."

त्या रात्री इगिझीला झोप आली नाही. चोरी करूनही समोरच्याला चोरल्यासारखं वाटू नये, म्हणजे काय!

थंडी सरली. जव पोटरीत यायच्या सुमाराला एका सकाळी इगिझी रानात गेला आणि त्याला जमिनीवर काहीतरी चमकलं. आधी वाटलं दव आहे. ऊन वर आलं तरी ते गेलं नाही. वाफ्यांच्या कडेनं, जवाच्या बुडाशी, रानाच्या खोलगट भागात सगळीकडे पांढरा पापुद्रा धरला होता. जवाची पानं टोकाकडून पिवळी पडत होती. त्यानं बोटानं पापुद्रा उचलला आणि जिभेवर ठेवला.

मीठ.

पांढरी रानं त्यानं ऐकली होती, पाहिलीही होती. जुन्या पाटावर, नदीच्या वळणाकडे, दोन-तीन रानं तशी पडलेली. पण ती त्याच्या दृष्टीनं दुसऱ्यांची होती, दुसऱ्यांच्या पापाची. शिवाय या क्षणी त्याच्या डोक्यात रान नव्हतंच. त्यानं मान वर केली. बांधापलीकडे लुगालशाचा जव कमरेइतका, गर्द हिरवा, वाऱ्यावर लाटा मारत उभा होता. मग नजर त्याहून पुढे गेली. लुगालशाच्या झोपडीपुढे रांजण होते. आणि रांजणांशेजारी मिठाच्या गोण्या.

इगिझीला इतका आनंद कित्येक सालांत झाला नव्हता. रान जात होतं, ते खरं. पण साडू चोर निघाला होता!

तो बांध ओलांडून गेला. लुगालशा उकिडवा बसून एका मोठ्या माशाचं पोट साफ करत होता.

"या साडूबुवा, बसा. आज लवकर? मासा बघा केवढा मिळालाय. डोकं तुम्हाला."

"मीठ कुठे गेलं?"

"कुठलं मीठ?"

"तुझ्याकडे पाच गोण्या होत्या. आता तीनच दिसतात."

लुगालशानं गोण्यांकडे बघितलं, मग माशाकडे. "अहो, माशांना लावलं ना. मीठ लावायलाच आणतात. तुम्हाला हवंय का?"

"मला पुरेसं दिलंस तू. पोतंभर दिलंस. आता देवीपुढे जाब दे."

"काय दिलं मी?" लुगालशानं हात पुसले. "साडूबुवा, सकाळी काही खाल्लंय का तुम्ही?"

अमाबारा दारात आली होती. पहिल्यांदाच ती हसली नाही, आणि इगिझीला त्यातही समाधान वाटलं.

देवीच्या कोठाराचा कारभारी उरशुल हा थकलेला, कोरडा माणूस होता. चाळीस वर्षं लोकांना मापं वाटून त्याचा चेहराच मापासारखा झाला होता. आत काय आहे ते वरून कळायचं नाही. त्यानं इगिझीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मीठ पेरणं म्हणजे रान मारणं. मोठा आरोप आहे. रीत ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, महाराज."

"पुन्हा ऐक, कारण माणूस रागात असला की ठाऊक असलेलं विसरतो. दंड काय हवा ते तू आधी सांगायचं, निंगिर्सूदेवाच्या शस्त्रासमोर. आरोप टिकला तर तो दंड त्याच्यावर. नाही टिकला तर तोच दंड, तेवढाच, तुझ्यावर. देवापुढे निघालेला शब्द मलाही मागे घेता येत नाही, राजालाही नाही. म्हणून लोक बेतानं मागतात. एक बकरं मागतात. दोन घडे तेल."

"विचार करून सांगतो."

विचार घरी झाला. निनमू चुलीशी भाकरी थापत होती. बांधापलीकडे आज शांत होतं.

"बकरं मागा," ती म्हणाली. "खरं असेल तर बकऱ्यातही शोभा होईल. खोटं निघालं तर आपल्याकडे बकरं आहे."

"खोटं कसं निघेल? चाटून बघ, जा. मीठ आहे."

"मीठ आहे. त्यानं टाकलं हे कुणी बघितलं?"

"मीठ दुसऱ्या कुणाकडे आहे?"

निनमूनं भाकरी उलटली. "काय मागणार आहात?"

"तीन सालांचा जव. माझ्या रानाचा, भरलेल्या रानाचा." तो थोडा थांबला. "आणि तो फिटेपर्यंत त्याच्या बायकोनं देवीच्या विणकामशाळेत बसायचं."

निनमूचा हात तव्यावर टेकला. तिला बराच वेळ ते कळलंही नाही.

"अहो, ती माझी बहीण आहे."

"हसते फार."

"म्हणून तिला शाळेत? तिथे बायका मागाला बांधल्यासारख्या बसतात. अर्धं माप मिळतं. तीन सालांचा जव फिटायला तिचं आयुष्य जाईल. तिनं तुमचं काय केलंय? मासे आणून घालते."

"तेच तर. मासे! कुणी मागितले होते?"

"धनी, पाया पडते. काहीही मागा, माझ्या बहिणीला त्यात घालू नका."

त्या क्षणात तो बकरं मागणारा माणूस झाला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तेवढ्यात बांधापलीकडून लुगालशा काहीतरी बोलला, आणि अमाबारा हसली. थोडंसंच, रडल्यानंतर माणूस हसतं तसं. पण हसली.

"विणकामशाळा," इगिझी म्हणाला.

निंगिर्सूचं शस्त्र लाल कापडात गुंडाळून, दोघा पुजाऱ्यांच्या खांद्यावरून रानात आणलं तेव्हा पाटावरची झाडून सगळी माणसं बांधावर जमली होती. लुम्मालाही कुणीतरी हाताला धरून आणला होता. कापड सोडलं. तांब्याच्या पात्यावर ऊन पडलं. इगिझीनं हात वर करून आरोप सांगितला, मग दंड सांगितला. दुसरा भाग ऐकून बांधावर कुजबुज झाली. निनमूनं डोळे मिटले होते. अमाबारानं तिचा हात धरला होता.

लुगालशाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "महाराज, मी आळशी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. एवढं रान मिठानं पेरायचं म्हणजे दोन दिवसांचं काम. मी दोन दिवस सलग कधी काय केलंय?"

लोक हसले. लुम्मा तर खोकेपर्यंत हसला. इगिझी ओरडला, "हसण्यावारी नेऊ नका! मीठ समोर आहे, चाटून बघा!"

"चाटतो," उरशुल म्हणाला. त्यानं चाटलं, थुंकला. मग त्यानं वहाणेनं पापुद्रा खरवडून खालची माती बघितली. "वरून टाकलेलं मीठ खडे-खडे दिसतं. हे पिठासारखं आहे, आणि प्रत्येक ढेकळाच्या भेगेतून आलंय. मी हे आधी पाहिलंय. इथे खणा."

इगिझीच्याच टोळीतल्या दोन माणसांनी फावडी मारली. गुडघाभर खोल गेले असतील नसतील, खड्ड्याच्या तळाला ओल आली. मग पाणी. बघता बघता खड्डा घोट्यापर्यंत भरला. उरशुलनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"आता पलीकडे खणा."

लुगालशाच्या रानात, त्याच बांधाच्या पलीकडे, फावडी कमरेपर्यंत गेली. कोरडं. माणूस आत उभा राहिला, छातीपर्यंत गेला. पडीक बाजूला तर जवाशाची मुळं खड्ड्याच्या भिंतीतून दोरखंडासारखी खाली गेलेली दिसत होती, आणि ती जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत ओलाव्याचा थेंब नव्हता.

"जवासा खालचं पाणी पितो," उरशुल म्हणाला, "म्हणून ते वर येत नाही. वर आलं की सोबत मीठ आणतं. तुझा जवासा कुठे आहे, इगिझी?"

"जाळला."

"हं. पण नुसत्या जवाशानं इतक्यात एवढं वर येणार नाही." त्यानं खड्ड्यातल्या पाण्याकडे बघितलं, मग चारीकडे, मग दोन्ही रानांकडे, एकदा इकडे, एकदा तिकडे. चाळीस वर्षं मापं वाटणाऱ्याला एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी असलेलं लगेच दिसतं. "दोघांची पाळी सारखी. एका रानात गुडघ्याला पाणी, दुसऱ्यात छातीपर्यंत कोरडं. हे इतकं पाणी आलं कुठून?"

लुगालशानं डोकं खाजवलं. "म्हणूनच म्हटलं, चारीला कमी येतं," तो म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तो इगिझीकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. इगिझीला आयुष्यभर जिची वाट होती ती जळफळही नव्हती. कीव होती. इगिझीला वाटलं, यापेक्षा खड्ड्यातलं पाणी पिणं परवडलं असतं.

उरशुल वरच्या दाराशी गेला, चिखलाचा थर काठीनं खरवडला. खालच्या अंगाला घागरीच्या तोंडाएवढी जागा. पाण्यानं घासून तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"तुझं दार आहे हे?"

"माझं," इगिझी म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आता इथे सांगायला हवं की त्यानं एवढी दोन सालं साडूचं पाणी चोरून साडूचं रान वाचवलं होतं. ते पाणी जायचं तिथे गेलं असतं, तर बांधापलीकडेही काही सालांत पांढरं दिसलं असतं. लुगालशाचं लक्ष होतं कुठे? दार उघडं टाकून तो दलदलीत बसला असता, आणि पाणी रानात साचत राहिलं असतं. ज्या पाण्यानं साडूला मारायचं, त्यानं साडूला राखलं, आणि ज्यानं स्वतःला मोठं करायचं, त्यानं स्वतःचं रान बुडवलं. पण त्या घडीला एवढा हिशोब कुणी केला नाही. उरशुल फक्त शस्त्राकडे बघून म्हणाला, "दंड तू सांगितलाच आहेस."

"महाराज!" हा आवाज लुगालशाचा. "मला नकोय त्याचा जव. माझं काही बिघडलं नाही. सोडून द्या."

"तुझ्या नकोचा प्रश्न नाही. शब्द देवापुढे गेलाय."

"मग बकरं घ्या! एक बकरं घ्या आणि..."

"बकरं मागायला मी सांगितलं होतं," उरशुल म्हणाला, आणि कापड पुन्हा गुंडाळायला लावलं.

अमाबारा रडायला लागली. निनमू रडली नाही. तिनं बहिणीचा हात सोडवला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि इगिझीला एवढंच म्हणाली, "चुलीवर डाळ ठेवलीय. लागेल."

कापणीनंतर हिशोब असा मिटला.

शिक्का लुगालशाच्या गळ्यात पडला. उजाडायच्या आधी उठून पाटाच्या कडेनं चालताना तो जांभया देतो, आणि मासे धरायला आता त्याला महिन्यातून एखादा दिवस मिळतो. तो वाळलाय. लोक त्याच्या घड्याशी अजूनही बसतात, पण तो लवकर झोपायला जातो.

इगिझीचं रान देवीनं परत घेतलं आणि पड टाकलं. तिथे जवासा वाढतोय. इगिझी खुदाईच्या टोळीवर आहे, पण मुकादम म्हणून नाही; फावडं त्याच्याच हातात असतं. सणाच्या पंगतीत तो चटईच्या खालच्या टोकाला बसतो, आणि तिथून वर बघतो. लुगालशानं झालरवालं पांघरूण घेतलेलं नसतं. कुठे गेलं ते, हा हिशोब इगिझीला काही केल्या लागत नाही.

ते विणकामशाळेत आहे. अमाबारानं ते पहिल्याच थंडीत निनमूला नेऊन दिलं.

मापाच्या दिवशी शाळेतल्या बायका रांगेनं कोठारापुढे उभ्या राहतात. बायकांचं माप पुरुषांच्या निम्मं. निनमूची पाळी आली की त्यातलं अर्धं दंडापोटी आधीच काढून लुगालशाच्या नावावर टाकतात. लुगालशाला ते नको असतं, पण घ्यावंच लागतं, नाहीतर दंड फिटत नाही. अमाबारा तो जव दळते, भाकऱ्या भाजते, सोबत खारवलेला मासा घेते आणि संध्याकाळी शाळेच्या भिंतीशी जाऊन बहिणीला देते. दोघी बोलत बसतात. कधी कधी हसतातही. पाटावरून परतताना इगिझी भिंतीबाहेर उभा राहून ऐकतो, आणि त्याला वाटतं, बदकाबद्दल असेल का.

तर जव असा फिरतो. निनमूच्या मापातून लुगालशाच्या घरात, तिथून पुन्हा निनमूच्या पोटात. त्यात कुणाचा एक दाणा वाढला नाही, कुणाचा कमी झाला नाही. तीन सालांचा दंड फिटायला मात्र अकरा सालं लागतील असं उरशुल म्हणतो, आणि तेवढी सालं मागापुढे बसणार आहे निनमू.